चिडते आहे तोवर

खोकल्याच्या औषधाची बाटली पिशवीत गेली, सुटे पैसे हातात आले, तरी ती काउंटरवरून हलेना. मागचं गिऱ्हाईक निघून गेल्यावर तिने हळूच विचारलं, दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते म्हणतात, ती जवळपास कुठे असते? औषधवाल्याने वर बघितलंही नाही. डबे लावता लावता त्याने शाळेमागचं फाटक, चित्रकलेचा वर्ग असं समजावलं आणि आजच आहे, आत्ताच जा, म्हणाला. हा प्रश्न त्याच्याकडे नेहमी असाच कसल्या तरी खरेदीच्या मागून येत असावा.

ती कपड्यांच्या दुकानात आल्टरेशनला होती. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या बाह्या सैल कर, यात दिवस जायचा. नवरा छापखान्यात मशिनवर. माणूस वाईट नाही, दारू वाईट आहे, हे तिने इतक्या जणांना सांगितलं होतं की आता तिचं तिलाच ते खरं वाटेना. हल्ली तर तो अधूनमधून उशिरा यायचा, जादा काम होतं म्हणायचा आणि तोंडात लवंग. दारूचा वास लपवायला. ती काय कुक्कुलं बाळ होती? रविवारी भाऊ टेम्पो घेऊन येणार होता. ती, मुलगी आणि शिलाईचं मशीन, एवढं माहेरी न्यायला. तसं तिने नवऱ्याला तोंडावर सांगितलं होतं. त्याआधी शेवटचं एकदा, बैठकीतलं कुणी घरी येऊन त्याच्याशी बोलेल का ते तिला बघायचं होतं. नंतर मनाला टोचणी नको.

वर्गाबाहेरच्या नळावर स्वेटर घातलेले एक म्हातारे गृहस्थ कप विसळत होते. तिने चाचरत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. घरच्यांची बैठक वेगळ्या वारी असते, म्हणाले, आज आत फक्त सोडणारेच. पण तुम्ही या बाकावर टेका, संपलं की आमच्यातले दोघं तुमच्याबरोबर घरी येतील.

ती टेकली. दार बंद होतं, पण दारावरचा झरोका उघडा होता. दुसऱ्याचं ऐकू नये म्हणून तिने भिंतीवरची मुलांची चित्रं बघायला घेतली. तेवढ्यात आत कुणीतरी दोनदा घसा खाकरला. लग्न झाल्यापासून ती हे खाकरणं ऐकत आली होती.

“घरी अजून सांगितलं नाही,” नवरा आत सांगत होता. “उलट इथून जाताना लवंग चघळतच जातो. प्यायलोय असंच वाटू दे तिला.”

असं का, म्हणून कुणीतरी विचारलं.

“सोडली, सोडली म्हणून तीनदा सांगून झालंय. तिसऱ्या वेळी तिने घरभर नवे पडदे शिवले. मग मी पुन्हा पिऊन गेलो. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही हो. पडदे उतरवून घड्या घालत बसली. ती चिडते आहे तोवर मला धीर आहे. पुन्हा तिला आशा लावायची आणि तोंडघशी पाडायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. आधी नीट जमू दे.”

“आणि तोवर ती निघून गेली तर?”

“जाऊ दे. तिचं काय चुकलं?”

तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. एवढा शहाणपणा या माणसाला सुचतो, तोही तिला वगळून. ती उठली.

“ताई, संपेलच आता,” गृहस्थ म्हणाले. “यायचं ना आम्ही?”

“नको. राहू द्या.”

त्यांनी मान हलवली. पुष्कळ जण इथवर येऊन माघारी जातात, असं काहीसं ते पुटपुटले. तिने त्यांचा गैरसमज तसाच राहू दिला.

वाटेत तिने भावाला फोन केला. या रविवारी नको म्हणाली. परत भुललीस का, म्हणून तो डाफरला. तिने ते ऐकून घेतलं.

नवरा आला तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. रोज तोंडाशी तयार असणारे शब्द आज शोधावे लागत होते.

“आलात?” ती एकदाची म्हणाली. “लवकर बंद झालं वाटतं दारूचं दुकान?”

“छापखान्यात उशीर झाला.”

“तुमचा छापखाना आणि तुमचा उशीर. मी आहेच इथे, अन्न गरम करायला.”

आवाज कापरा झाला, म्हणून तिने पातेलं आपटलं. आतल्या खोलीत मुलीने नेहमीसारखं दार लावून घेतलं. मुलीला हाक मारून सगळं सांगावं असं तिला फार वाटलं, पण तिने मारली नाही. नवरा खुर्चीवर खाली मान घालून बसला होता. पण जिवात जीव आल्यासारखे त्याचे खांदे सैल पडलेले तिला दिसले.

“रविवारी तुझा भाऊ येणार आहे ना?” त्याने विचारलं.

“त्याला काम निघालंय. पुढचं पुढे बघू. तोवर ऐकून घ्या माझं.”

आणि आवाज फुटणार नाही अशा बेताने तिने पुन्हा पहिल्यापासून भांडायला सुरुवात केली.