बिडाचं आप्पेपात्र

सुखदाच्या डोक्यात तिडीक गेली ती क्लबहाउसच्या दारातच. गुरुग्राममधल्या त्यांच्या सोसायटीत ‘ऑटम डेकोर’ची स्पर्धा होती. स्वयंपाकघरातल्या जुन्यापान्या वस्तूंतून सजावट करायची. कुणी किसणीच्या आत दिवा लावला होता, कुणी चाळणीला वाळकी पानं डकवली होती. आणि मधोमध तारेने टांगलेलं भडक नारिंगी फूल, त्याच्या खळग्या-खळग्यात झेंडू.

फूल कसलं, तिच्या आईचं बिडाचं आप्पेपात्र होतं ते!

आई गेल्यावर सांगलीच्या घरातून सुखदाने तेवढी एकच वस्तू मागून आणली होती. आईच्या हाताखाली वर्षानुवर्षं तेल पिऊन ते काळं कुळकुळीत झालं होतं. आप्पे नुसती काडी लावली की उलटायचे. सुखदा ते तेलाचं बोट फिरवून, कागदात गुंडाळून ठेवायची.

तिचा नवरा राजीव हसत पुढे आला. “सरप्राइज! कसलं काळंमिट्ट होतं यार. मार्केटमधल्या वेल्डरकडून ग्राइंडरने घासून घेतलं. आतून एकदम चकचकीत निघालं, मग स्प्रे मारला.”

घासून घेतलं म्हणे! आईचा हात त्या बिडात जेवढा म्हणून मुरला होता, तेवढा सगळा हा शहाणा पुसून आला होता. वर शाबासकीची वाट बघत उभा.

तेवढ्यात सेक्रेटरी हरीशजींनी माइक घेतला. “पहला इनाम राजीवजी को! कबाड़ में जान डाल दी इन्होंने!”

टाळ्या पडल्या. सुखदाने खुर्ची ओढली, वर चढली आणि तार उपटली. झेंडू खाली सांडले.

“कबाड़ नहीं है ये. मेरी माँ का है.”

घरी येऊन दार लावल्याबरोबर राजीव सुरू झाला. “चारचौघांत शोभा केलीस माझी! अगं, जुनंच तर होतं. नवीन नॉनस्टिक ऑर्डर करतो, चलो, विषय संपला.”

“तुझ्या आईचा पितळी डबा हॉलमध्ये काचेच्या कपाटात, आणि माझ्या आईचं ते भंगार? विचारलंस तरी का मला?”

विचारावं, हे राजीवच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. सुखदाला सगळ्यात जास्त संताप आला तो त्याचाच.

तिने आप्पेपात्र ओट्यावर आदळलं. शेजारी तारेची घासणी आणि तेलाची बाटली ठेवली.

“काढ रंग.”

“आत्ता?”

“आत्ता. सगळा निघाला की तेल लावायचं, तापवायचं, गार करायचं, पुन्हा लावायचं. रोज. मी हात लावणार नाही.”

“पण कधीपर्यंत?”

“आप्पे चिकटायचे थांबेपर्यंत,” सुखदा म्हणाली. “आईचा जन्म गेला त्यात. तू सुरुवात तर कर.”