काल दुपारचा वारा

रघुवीरने धोतराचा काचा मारला, नव्या भिंतीच्या जागी ठोकलेल्या खुंटीला दोरी बांधली आणि दुसरं टोक ताणत तो शेजारच्या काशीबाई कोळणीच्या मांडवाच्या खांबापर्यंत गेला. तिथे नखाने दोरीवर खूण केली. मग उकिडवं बसून तिला फुटपट्टी लावली. साडेतीन फूट.

"परवा किती भरली होती रे?" मागच्या ओट्यावरून त्याच्या वडिलांनी, अप्पांनी विचारलं.

"साडेतीन."

"आणि शुक्रवारी?"

"अप्पा, तुम्ही आत जा बघू. ऊन लागेल."

"मला कसलं लागतंय! लागलंय ते तुला. रोज मोजल्यावर भिंत लाजून मागे सरकेल असं वाटतं की काय?"

रघुवीर दोरी गुंडाळू लागला. म्हातारा बोलायचा खवचट, पण बोलला ते खरंच होतं.

ठाकूरद्वारच्या त्या वाडीत त्यांचं तीन खोल्यांचं कौलारू घर होतं. त्याच्या बायकोला, अंबिकेला आठवा महिना चालू होता. याआधी ती दोनदा बाळंत झाली होती, दोन्ही वेळा स्वयंपाकघरामागच्या कोठीत. पहिलं मूल चार दिवस जगलं, दुसरं अकरा. दुसऱ्या वेळी बोलावलेला डॉक्टर कोठीच्या दारातच थबकला होता. "ना उजेड, ना हवा! ही खोली आहे की पेटारा?" असं तो म्हणाला, तेव्हा रघुवीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माहेरी पाठवावं तर अंबिकेच्या माहेराला आता कुलूप होतं. तेव्हा मागच्या बाजूला आठ बाय दहाची एक खोली काढायची, तिला मोठी खिडकी ठेवायची, आणि हे मूल तिथे जन्माला येऊ द्यायचं, एवढंच त्याच्या मनाने घेतलं होतं. गवंडी तयार होता. आठवड्याभरात हात घातला तर वेळेवर उरकतो म्हणाला होता. अडलं होतं ते परवानगीपाशी.

आणि गंमत बघा, रघुवीर कारकून होता तो म्युनिसिपालिटीच्या त्याच कचेरीत, जिथे बांधकामाचे अर्ज येत. गेली नऊ वर्षं तो 'जागा अपुरी, सबब अर्ज नामंजूर' हे वाक्य शाईने लिहीत आला होता. कित्येकांच्या पडव्या नि माड्या त्याने आपल्या वळणदार अक्षरात कागदावरच पाडल्या होत्या. नियम त्याला तोंडपाठ होता. नव्या भिंतीपासून शेजारच्या इमारतीपर्यंत पाच फूट मोकळे पाहिजेत.

काशीबाईचं घर चांगलं बारा फुटांवर होतं. मध्ये होता तो तिचा बोंबील सुकवायचा मांडव, बांबूंचा आणि झावळ्यांचा. मांडवाला कोण इमारत म्हणतो? पण कचेरीच्या वहीत तो इमारत होता, आणि तो तसा झाला होता अप्पांमुळे. सहा वर्षांपूर्वी बोंबलांच्या वासाने हैराण होऊन अप्पांनी तक्रार गुदरली होती की, हा मांडव नसून विनापरवाना उभी केलेली इमारत आहे, ती पाडावी. कचेरीने अर्धं मान्य केलं. इमारत आहे खरी, पण जुनी आहे, तेव्हा राहू द्यावी. वास होता तिथेच राहिला. वहीत मात्र 'इमारत' हा शब्द चढला. तक्रार अप्पांनी सांगितली होती, लिहिली होती रघुवीरने.

"अर्जात पाच फूट लिहिलं असतंस, तर काय आभाळ कोसळणार होतं?" अप्पा म्हणाले.

"मंगळवारी हेमचंद्रराव मोजायला येणारच आहेत. खोटं पडलं असतं."

"धन्य! हरिश्चंद्र जन्माला आलाय घरात," म्हणत अप्पा उठले आणि काठी आपटत आत गेले.

हेमचंद्रराव म्हणजे कचेरीतले ओव्हरसियर. रघुवीरच्या शेजारच्याच टेबलावर बसत. माणूस कडक, पण कुजका नाही. सोमवारी त्यांनीच हळूच सांगितलं, "शेजारणीकडून लिहून आण. 'माझी हरकत नाही' एवढं लिहून खाली अंगठा. साहेब विचार करतील. त्याशिवाय मात्र मला काही करता येणार नाही."

त्या संध्याकाळी कचेरीतून आल्यावर रघुवीरने हातपाय धुतले, कागद उपरण्याआड घेतला आणि गल्ली ओलांडून तो मांडवात शिरला. जन्म या घरात गेला, पण या मांडवात तो पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. काशीबाई दोरीवरचे बोंबील उलटत होती. ऐन आश्विन, हंगाम नुकता भरात आलेला. इंचभर दोरी रिकामी नव्हती.

"काय रं रगुवीर? वाट चुकलास?"

त्याने कागद वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत.

"म्हंजे अंगठा पायजे तुला."

"हो. एवढाच."

"सा वर्सांमागं असाच एक जन आला व्हता कागद घेऊन. लाव म्हनला अंगठा, लावला. दुसऱ्या दिवशी कळला का माजा मांडव आता मांडव नाय." तिने एक बोंबील झटकला. "कागदावर अंगठा नाय लावायची मी आता. कोनाच्याच नाय."

गप्प बसून परत फिरता आलं असतं. पण मग आपल्याला आपलंच तोंड बघवणार नाही असं त्याला वाटलं.

"काशीबाई, तेव्हाची ती तक्रार माझ्या हातची होती."

"ठाव हाय मना. वाचून दावनारा म्हनला, अक्षर मोत्यावानी हाय."

रघुवीर कागदाची घडी घालत उभा राहिला. काशीबाईने शेवटच्या दोरीपर्यंत जाऊन मग मागे बघितलं.

"अंबिकेला कितवा?"

"आठवा सरत आला."

तिने नुसती मान हलवली आणि टोपली उचलून ती घरात गेली. रघुवीर बिनअंगठ्याचा कागद घेऊन परतला. अंबिकेने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पान वाढलं. त्याने दोन घास चिवडले आणि हात धुतले.

पहाटे धप्प धप्प आवाजाने तो जागा झाला. धावतच मागच्या दारी आला. फटफटलं होतं. काशीबाई कमरेला पदर खोचून उभी होती आणि तिचा मुलगा धोंडू, होडीवर जाणारा दांडगा गडी, मांडवाचा खांब मुळापासून हलवत होता. अलीकडची अख्खी रांग उपटून झाली होती. शेवटचा तेवढा उरला होता.

"हे काय करताय तुम्ही?" जन्मभर तिला अगंतुगं करणाऱ्या रघुवीरच्या तोंडून 'तुम्ही' कधी गेलं, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"दिसत नाय? मांडव मागं घेतंय."

"आत्ता? ऐन हंगामात?"

"सुकतील जरा दाटीनं. मानसं नाय रहात दाटीनं?"

"पण काल तर तुम्ही नाही म्हणालात."

"अंगठा नाय म्हनलं. मांडव नाय, असं म्हनलं का मी?" तिने हातातली पहार जमिनीत रोवली आणि त्याच्या घराच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. "ती तुजी कोठी. मी हितं बसून बोंबील लावते, आनि पलीकडचा समदा आयकू येतो मना. दोनदा पोराचा रडना आयकला. दोनदा थांबला, तोबी आयकला. आता नाय आयकायचा तिसऱ्यांदा." मग आवाज बदलून तिने विचारलं, "खिडकी कुठं काढनार?"

"इकडेच. तुमच्या बाजूला."

"वास येल हां बोंबलांचा."

"येऊ दे," रघुवीर म्हणाला. "रोज येऊ दे."

त्याचे डोळे भरून आले होते. 'आभारी आहे' हा शब्द त्याने कचेरीच्या पत्रांखाली हजारदा लिहिला होता, पण तो इथे काढायची त्याला लाज वाटली. माणसाने माणसासाठी इतकं करावं आणि आपण सरकारी शब्द पुढे करावा? तो पायऱ्या उतरला आणि धोंडूने उपटलेल्या खांबाचं दुसरं टोक त्याने खांद्यावर घेतलं. खांब जड होता, मासळीच्या खवल्यांनी भरलेला होता. तिघांनी मिळून ती रांग दीड-दोन फूट मागे रोवली, जुने खड्डे मातीने बुजवले. अप्पा मागच्या ओट्यावर येऊन बसले होते. काठीवर हनुवटी टेकून ते सगळं बघत होते आणि, नवल म्हणजे, एक शब्द बोलत नव्हते.

आठाच्या सुमाराला हेमचंद्रराव आले. काखेत वही, हातात फीत. खुंटीला फीत लावली, खांबापर्यंत नेली आणि वाकून आकडा वाचला.

"पाच फूट दोन इंच."

रघुवीरचा ऊर भरून आला. आत अंबिका दाराआड उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या.

पण हेमचंद्ररावांनी वही मिटली नाही. ते मागची पानं चाळू लागले. मग बुटाच्या टोकाने त्यांनी ओली माती उकरून बघितली.

"सहा वर्षांपूर्वीच्या नोंदीत हे खांब अलीकडे दाखवलेत. तुझ्या अर्जातही अंतर साडेतीनच आहे. खांब इथे होते, आज सकाळीच हललेले दिसतात." ते काशीबाईकडे वळले. "बाई, ही वहीत चढलेली इमारत आहे. नोटीस न देता तिच्यात फेरफार केला, तर कोर्टात उभं राहावं लागतं. हे कोणी केलं?"

रघुवीरच्या पायाखालची जमीनच सरकली. असल्या समन्सांच्या नकला त्याने स्वतः केल्या होत्या. नऊ वर्षं हाच धंदा केला, आणि आज आनंदाच्या भरात नेमकं हेच कसं डोक्यात आलं नाही? आपली खोली होणार आणि ही बाई कोर्टाची पायरी चढणार!

काशीबाईने मात्र मान ताठ केली. कुणाला भिणारी नव्हतीच ती. "कोनी म्हंजे? मी—"

"वाऱ्याने पडला," रघुवीर म्हणाला.

हेमचंद्ररावांनी सावकाश मान वर केली.

"वाऱ्याने?"

"हो. रांगच्या रांग आडवी झाली. तिथेच परत उभी करण्यापेक्षा यांनी जरा मागे रोवली."

"कधी पडला?"

"काल दुपारी."

काल दुपारी दोघेही कचेरीत शेजारी शेजारी बसले होते. छताच्या ओढायच्या पंख्याची दोरी तुटली होती, दोघेही फायलींनी वारा घेत होते, आणि 'शिंचं पानसुद्धा हलत नाही' असं हेमचंद्रराव स्वतः तीनदा म्हणाले होते. ते आता रघुवीरकडे बघत राहिले. अर्जात साडेतीनचे पाच करायला ज्याचा हात धजला नाही, तो हा माणूस. रघुवीरचे कान तापले, पण त्याने नजर खाली घातली नाही.

"जोराचा होता?" हेमचंद्ररावांनी विचारलं.

"जोराचा म्हणजे?" ओट्यावरून खणखणीत आवाज आला. अप्पा उठले होते. काठी टेकत, एक एक पायरी उतरत ते गल्लीत आले आणि थेट मांडवापाशी जाऊन काशीबाईच्या शेजारी उभे राहिले. "अहो, माझी पगडी उडाली! निघाली होती गटारात. या काशीबाईंनी धावत जाऊन धरली म्हणून डोक्यावर राहिली माझ्या. लिहा, ओव्हरसियरसाहेब. तेही लिहा."

काशीबाईने पदर तोंडाशी धरला. ती हसत होती की काय, ते काही कळलं नाही. हेमचंद्ररावांनी कानामागची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं.

"पगडीचं राहू द्या, अप्पा," ते म्हणाले, आणि वारा तेवढा त्यांनी लिहून घेतला.