कोयते घेऊन या, असं मी सांगायचो

मी एक जुना शंख आहे, मित्रांनो. तुमच्या देवघरातला नव्हे. मी हैतीचा. कोळ्याने मला समुद्रातून काढलं, आतलं मांस खाल्लं, शेंडा करवतीने कापला आणि डोंगरावरच्या द्युजुस नावाच्या शेतकऱ्याला देऊन टाकलं.

तिथे तेव्हा एकाचं शेत सगळे मिळून करायचे. ज्याचं शेत, त्याने सगळ्यांना घेवड्याचा भात घालायचा. द्युजुसने मला फुंकलं, की लोक कोयते-कुदळी घेऊन गात धावत यायचे. सगळ्यात पुढे त्याचा जावई सोवनेर. "मामा, जरा दमानं फुंका," तो म्हणायचा, "परवा मला वाटलं आमची गाढवीच अडली." द्युजुसची पोर इल्मेरा हसत ताटल्या मांडायची. ते माझे चांगले दिवस.

मग राजधानीत लष्कराने सरकार पाडलं आणि बंदूकवाले डोंगरावर आले. चार माणसं एकत्र जमलेली त्यांना खपायची नाहीत. माझ्यावर बंदी आली. घरं जळाली. द्युजुसच्या मुलाला, लेऑन्सला, त्यांनी फरफटत तुरुंगात नेलं. मी पोत्यांखाली पडून होतो. लोक एकच म्हणायचे, बाहेरून कुणीतरी या, कुणी का असेना.

आणि परदेशी सैनिक आले. खोटं कशाला बोलू? ते आले म्हणून बंदूकवाले जंगलात पळाले, तुरुंग उघडला, लेऑन्स घरी आला. हाडांचा सापळा, पण जिवंत.

पळताना बंदूकवाल्यांनी झाडं पाडून रस्ता अडवला होता. सैनिकांच्या औषधांच्या गाड्या खाली अडकल्या. द्युजुसला भरून आलं. आपल्यासाठी आलेत, त्यांचा रस्ता आपण मोकळा करू, म्हणून त्याने मला बाहेर काढलं आणि छाती फुटेस्तोवर फुंकलं. लोक आले, नेहमीसारखेच. कोयते उंच धरून, गात, उतारावरून धावत. पुढे सोवनेर.

सैनिकांना वाटलं, हल्ला आला. त्यांनी गोळ्या झाडल्या. सोवनेर पडला, त्याच्या मागचेही पडले. गाणं मध्येच तुटलं.

माती दिल्यावर सैनिकांचा अधिकारी टोपी काढून आला. दुभाष्याला पुढे करून त्याने विचारलं, तुम्ही कोयते का उचलले होते? उत्तर ऐकून तो खालीच बसला. मग म्हणाला, चूक झाली, गाव म्हणेल तर आम्ही इथून जातो.

गावात भांडण पेटलं. कुणी म्हणे, जाऊ द्या खुन्यांना. कुणी म्हणे, हे गेले की जंगलातले परत आलेच म्हणून समजा. शेवटी सगळे इल्मेराकडे बघायला लागले. भाऊ ह्यांनीच दिला होता, नवरा ह्यांनीच नेला होता.

लेऑन्स म्हणाला, "ताई, माझा विचार करू नकोस. मी लपेन कुठंतरी."

"लपून किती जगशील तू," ती म्हणाली. मग दुभाष्याकडे वळली. "राहा म्हणावं त्यांना. आणि हेही सांग, माझ्या दारावरून जायचं नाही. तोंड बघवत नाही मला त्यांचं."

ते राहिले. ओढ्याच्या वाटेने जायचे. जंगलातले परत आले नाहीत.

पण मला पुन्हा कुणी फुंकलं नाही. जो तो आपलं शेत एकटा करतो, निम्मी जमीन पडीक आहे. द्युजुस मला कधी तोंडापर्यंत नेतो आणि तसाच खाली ठेवतो.

ते यायला हवे होते की नव्हते, मला विचारू नका. द्युजुसच्या घरात ह्याची दोन उत्तरं, लेऑन्स आणि इल्मेरा, एकाच चुलीपाशी जेवतात. मी एवढंच मागतो, मित्रांनो. कुणाला वाचवायला बंदूक घेऊन निघालात, तर तिथली माणसं कोयता कशाला उचलतात, हे आधी विचारा. त्या अधिकाऱ्यानेही विचारलंच की. सोवनेरला पुरल्यावर.