ओठवाल्या

भिंगारच्या आमच्या शाळेत गाणं म्हणजे दयाकाकू, हे इतकी वर्षं ठरलेलं होतं. मी काही शिक्षिका नव्हे. शुक्रवारी दुपारी रिक्षात वडिलांची पेटी घालून जायचं, मुलांना बसवायचं, चहा प्यायचा नि परत यायचं. पेटी मला कुणी शिकवली नाही. वडील चर्चमध्ये वाजवायचे. घरी ते पेटीवरून जेवायला उठले की त्यांची बोटं जिथे जिथे गेली होती, तिथे मी माझी न्यायचे. संमेलनाच्या स्वागतगीताची चालसुद्धा माझीच.

यंदा शाळेने दिशा मॅडम आणली. संगीताची पदवी, हसतमुख, वय माझ्या भाचीएवढं. मुलं तिच्या स्कूटीभोवती गोळा व्हायची. माझ्या रिक्षाभोवती कधी कुणी गोळा झालं नव्हतं. पेटी उतरवायला रिक्षावाल्यालाच हाका माराव्या लागायच्या.

"काकू, तुम्ही होतात म्हणून शाळेत गाणं टिकलं," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. होतात! जसं काही माझ्या फोटोला हार घालून झाला होता.

तिचं पहिलं काम म्हणजे ओठवाल्यांना पुढे आणणं.

ओठवाल्या म्हणजे मागच्या रांगेतल्या मुली. ज्यांचा आवाज वर जात नाही, चिरकतो, त्यांना मी सांगायचे, "बाळा, तू नुसते ओठ हलव. लांबून कळत नाही." सगळीकडे असंच करतात. त्यात घोडेगावकडून मामाकडे शिकायला आलेली सृष्टी होती. आवाज जाड, बोलणं मोठ्ठं. ओठ मात्र अगदी सुरात हलवायची.

दिशाने एकेका मुलीला समोर बसवलं नि म्हणाली, "तुला जिथून बरं वाटतं तिथून सा लाव." सृष्टीने लावला. खाली, चांगला खाली. माठाला बाहेरून टिचकी मारल्यावर येतो तसा भरलेला. मी दाराशी पेटी घेऊन उभी होते. तो आवाज ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला झाला तो मत्सर, नि तोही दोघींचा एकदम. एकीच्या गळ्याचा आणि दुसरीच्या कानाचा.

"काकू, स्वागतगीत जरा खालून, काळी चारमधून घेऊ या का?" दिशा म्हणाली. "पांढरी एकमध्ये या पोरींना झेपत नाही."

"चालीचा बाज जातो गं," मी म्हटलं. "खाली घेतलं की गाणं बसकं होतं."

खरं कारण वेगळं होतं. मला पांढरी एकच येते. वडिलांची बोटं तिथून निघायची, म्हणून माझीही. दुसऱ्या पट्टीतून सुरुवात केली की माझी बोटं नवख्या सुनेसारखी चाचपडतात. हे कुणाला माहीत नव्हतं, कारण आजवर कुणी मला दुसरी पट्टी मागितलीच नव्हती. सगळी शाळा माझ्या बोटांच्या सोयीने गात होती. आता कबूल करायचं, तर पेटीवर दिशा बसणार आणि मी पाहुण्यांच्या खुर्चीत. माझीच चाल टाळ्या वाजवून ऐकायची!

मी भाता ओढला आणि पांढरी एकच धरली.

पुढे आणलेल्या मुलींनी पहिली ओळ कशीबशी गाठली. दुसऱ्या ओळीला चाल वर चढते. तिथे त्या सगळ्या एकदम गप्प झाल्या, पण तोंडं हलत राहिली. कुणी सांगितलं नव्हतं तरीही. सृष्टीचे ओठ तर अगदी सुंदर हलत होते. मला पुढे वाजवता येईना.

"काकू," सृष्टी म्हणाली, "खालनं घ्या की. मॅडमनी सांगितलं ना?"

"बघू."

"न्हाई येत व्हय तुमाला?" तिने सरळ विचारलं. "मग तुमी बी आमच्यातल्याच की. ओठवाल्या."

पोरी फिसकन हसल्या. दिशा हसली नाही. "सृष्टी, पाणी पिऊन ये," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. तेवढ्याने मला कळलं, हिला ठाऊक आहे.

पुढच्या शुक्रवारी वर्गात दुसरीच पेटी होती. दिशाची स्वतःची. तिने बाजूची खुंटी उचलली, पट्ट्यांचा सगळा पाट सरकवला आणि खुंटी बसवली. "काकू, तुम्ही तुमच्या नेहमीच्या जागेवरूनच वाजवा. बोटं तीच. सूर काळी चारचे निघतील."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या पेटीने. पांढऱ्या पट्ट्या झिजून पिवळ्या झाल्यात, काळ्या अजून दुकानातल्यासारख्या आहेत."

राग यावा असं तिने काही केलं नाही, याचाच मला जास्त राग आला. एवढं हुशार असायचं तर थोडं खवचट तरी असावं माणसाने. "ही फसवाफसवीची पेटी आहे," मी म्हणाले.

"पोरींच्या गळ्याला फसवता येत नाही," ती म्हणाली. "बसा ना."

बसले. पाहुण्यांच्या खुर्चीत बसण्यापेक्षा बरं.

संमेलनात दुसऱ्या ओळीला सृष्टीचा आवाज माझ्या चालीखाली असा पसरला, की चाल मलाच नवी वाटली. माझी पोर दुसऱ्याच्या घरी छान दिसावी तशी. मुख्याध्यापकांनी सत्कार दिशाचा केला. दिशाने हार माझ्या गळ्यात घातला आणि मी तो लगेच काढला. पण इतक्या हळू, की फोटो निघाला.

घरी आल्यावर वडिलांची पेटी उघडली. हिला खुंटी नाही, काही सरकत नाही. बोट काळी चारवर ठेवलं आणि तिथून चढायला लागले. तिसऱ्या सुरालाच अडखळले. पुन्हा. पुन्हा अडखळले.

स्वयंपाकघरातून आमचे हे, एलियासाहेब, ओरडले, "अगं, कुणाला शिकवतेस? लई बेसूर आहे पोरगी!"

"नवीन आहे," मी म्हटलं. "मागच्या रांगेतली. जरा दम धरा, एलियासाहेब."