आतल्या बाजूची कडी

माझ्या दाराच्या बाहेरच्या अंगाला, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक लोखंडी कडी आहे. ती जिथे लाकडावर घासते तिथे चंद्रकोरीसारखी खाच पडली आहे, करंगळीचे नख रुतेल एवढी खोल. आतल्या अंगाला त्याच उंचीवर पूर्वी काहीच नव्हते. तिथले लाकूड मात्र बाकीच्या दारापेक्षा काळे आणि गुळगुळीत आहे. बायका तिथे तळहात टेकून उभ्या राहत.

मित्रांनो, मी नाशिकच्या वेशीबाहेरच्या मनोरुग्णालयातली एक जुनी दगडी बराक आहे. तीन नंबरची, बायकांची. टांगेवाले ह्या आवाराला नुसते 'तिकडे' म्हणत आणि ऐकणाऱ्याला कळत असे.

मला इंग्रजांच्या काळात बांधले. काळा दगड जवळच्या टेकडीतून फोडून आणला. चुना बैलांच्या घाण्यात मळला. माझ्या भिंती दीड हात जाड आहेत आणि वर मंगलोरी कौले आहेत. खिडक्या इतक्या उंच की आतून फक्त आभाळ दिसावे. आतले कोपरे गोल घोटलेले आहेत, कुणी डोके आपटले तर खोक पडू नये म्हणून. दार बाहेर उघडते, म्हणजे आतून खाट लावून ते कुणाला अडवता येत नाही. ज्याने मला आखले त्याने सगळ्याचा विचार केला होता. बरी झालेली बाई तेवढी त्याच्या डोक्यात आली नाही.

पूर्वेला आम्ही बायकांच्या बराकी, पश्चिमेला पुरुषांच्या, मध्ये स्वयंपाकघर आणि उंच भिंत. माझ्यासमोर अंगण आणि त्यात बुचाचे झाड. तपासणीला येणारे साहेब वैशाखात माझ्यात पाऊल टाकले की म्हणत, "काय गारवा आहे!" हे मी कितीदा ऐकले असेल, पण कधी कंटाळले नाही.

१९७१ साली विंचूरकडच्या एका खेड्यातून मालनबाई आली. तिचे तान्हे मूल गेले होते. नंतर ती बोलेना, जेवेना, कुणाला ओळखेना. नवऱ्याने दुसरे लग्न केले. तिला माझ्या दारापर्यंत आणले ते धाकट्या भावाने, कोंडाजीने. दोन वर्षांत ती बरी झाली. भाताची पातेली घासू लागली, दुसऱ्यांच्या वेण्या घालू लागली. कोंडाजी भेटायला आला की म्हणे, "अक्का, एवढे कांदे निघू दे, मग नेतो." पुढच्या वर्षी घराचे बांधकाम निघाले. त्याच्या पुढे पोरीचे लग्न.

मला काही घाई नव्हती. मालन रोज माझा उंबरठा ओल्या फडक्याने पुसायची. मला तेवढे पुरे होते.

आमच्याकडे एक रीत होती. घरी निघालेली बाई सवयीने म्हणायची, "येते हं." की आमची अटेंडंट चतुराबाई कमरेच्या किल्ल्या वाजवत अंगावर धावून जायची. "येते काय म्हणती भवाने? जाते म्हण! इथं परत यायचं नाव काढू नको!" आणि ती बाई हसत-रडत 'जाते' म्हणायची. सगळ्या महाराष्ट्रात बायका 'जाते' म्हणायला कचरतात. आमच्या फाटकात मात्र तोच आशीर्वाद होता. मला तो कधीच आवडला नाही.

१९७८ साली अंगणाच्या पलीकडे ती उभी राहिली. नवी इमारत. सिमेंटची, पिवळ्या रंगाची. मोठ्या खिडक्या, मोझॅकची फरशी, छताला पंखे, दाराला दोन्ही बाजूंनी कड्या. फीत कापायला मोठी माणसे आली. त्यातले एक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हे गोदाम का?" तिला दरवर्षी रंग मिळू लागला. माझ्या भिंतीत पिंपळ उगवला तो कुणी उपटेना. तिच्या गच्चीला दुसऱ्याच वर्षी गळती लागली तेव्हा मी माझी कौले एकवार मोजून घेतली. सगळी जागेवर होती. बरे वाटले.

मालनलाही तिकडे हलवले. पण पहिल्याच संध्याकाळी, बराक बंद करायची घंटा झाली तशी ती अंगण ओलांडून माझ्याकडे आली आणि खाटेवर बसून राहिली. चतुराबाईने बाहेरून कडी घातल्यावरच आडवी झाली. दुसऱ्या दिवशी तेच. डॉक्टर श्यामलाबाई शेवटी म्हणाल्या, "राहू दे तिला तिथेच झोपायला. दिवसा इकडे आली तरी पुष्कळ."

मी पलीकडे पाहिले. पंखे फिरत होते. फिरेनात का!

दर सहा महिन्यांनी श्यामलाबाई विचारायच्या, "मालनबाई, घरी जायचं का?"

"चतुराबाई म्हणतील तसं."

"चतुराबाईंचं नाही, तुमचं सांगा."

"तुमी म्हणाल तसं."

श्यामलाबाई निःश्वास टाकून पुढच्या खाटेकडे वळायच्या, आणि निर्णय पुढच्या सहा महिन्यांवर जायचा.

१९८३च्या उन्हाळ्यात कोंडाजी खरेच न्यायला आला. चतुराबाईने मालनला नव्या इमारतीतल्या खोलीत नेले, हातात नवे लुगडे दिले आणि म्हणाली, "नेसून घे, भाऊ आलाय." तिने दार नुसते ओढून घेतले. तेवढ्यात स्वयंपाकघरात एक बाई पाय घसरून पडली, आणि तिला घेऊन चतुराबाईला सिव्हिल हॉस्पिटलला जावे लागले. कोंडाजी बाहेर बाकावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून.

मी समोरच होते. मला दोघेही दिसत होते, तो बाकावर आणि ती खिडकीच्या काचेतून. लुगडे नेसून ती दारासमोर उभी होती, तळहात लाकडावर टेकून, माझ्याकडे उभी राहायची तशी. कडी तिच्या मनगटाजवळ होती, आणि तीही लावलेली नव्हती. तिने दार ओढले नाही. कोंडाजीने एकदा खाकरून हाक मारली, "अक्का!" ती आतून "हां" म्हणाली. तो वाट पाहत राहिला. ऊन झाडाच्या बुंध्यावरून सरकून भिंतीवर गेले. विंचूरची एसटी चुकेल म्हणून तो उठला, टोपी घातली, बंद दाराला हात जोडले आणि निघून गेला.

मित्रांनो, त्या दुपारी मला जो आनंद झाला तसा इंग्रज साहेबांच्या कौतुकानेही झाला नव्हता. ती माझ्याकडेच येणार होती.

संध्याकाळी चतुराबाई परतली आणि दार ढकलून पाहते तो मालन तशीच उभी. "अगं, तू अजून इथं? भाऊ कुठंय?"

"बाहेर आसंल."

"मग तू का नाय गेलीस?"

"कुनी दार उघडलंच नाय."

"मेले, उघडंच होतं की!" चतुराबाईने कपाळावर हात मारला आणि मग तोंडाला पदर लावला.

श्यामलाबाईंनी सगळे चतुराबाईकडून ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "चूक आपली आहे. तिच्यासमोर बारा वर्षं दार दुसऱ्यानेच उघडलं. आता तिच्या हाताला ते काम येत नाही. गोटीराम सुताराला बोलवा."

"नव्या इमारतीत काम काढायचं?" चतुराबाईने विचारले.

"नाही. तीन नंबरला. जिथे ती झोपते त्या दाराला आतून कडी बसवा, आणि तुम्ही बाहेरून घालायचं बंद करा."

गोटीराम सुताराने पटाशी लावली तेव्हा माझे जुने सागवान एकदा करकरले. इतक्या वर्षांत माझ्यात कुणी नवी वस्तू बसवली नव्हती. मी पलीकडच्या पिवळ्या इमारतीकडे ताठ मानेने पाहिले. ते कशासाठी चालले आहे हे मला कळले नव्हते.

पहिले काही दिवस मालन कडीकडे पाहून भिंतीकडे तोंड फिरवायची. मग एका दुपारी तिने ती लावली. काढली. पुन्हा लावली. चतुराबाई बाहेरून ओरडली, "मालने, मला आत येऊ दे!"

"थांबा जरा," मालन म्हणाली. आणि थांबवलेही. बाहेर चतुराबाई पोट धरून हसत होती.

आता मला गोदाम म्हटले तर चूक नाही. माझ्यात मोडक्या खाटा ठेवतात, आणि पिंपळाने उत्तरेची भिंत फोडत आणली आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वास्तू पाहायला गेलात तर दगडावर नावे कोरू नका, पिंपळ लहान असतानाच उपटा. पण आधी दार पाहा. ज्याला तुम्ही सांभाळता त्याच्या बाजूला कडी आहे का, ते पाहा. नसेल तर आधी ती बसवा, रंग मग द्या.

आता एका सकाळचे सांगते. श्यामलाबाईंच्या पत्रावरून १९८५च्या कार्तिकात कोंडाजी पुन्हा आला. ह्या वेळी त्याला माझ्याच ओसरीवर बसवले. मी दार आतून लावले होते, म्हणजे मालनने. कुणी ठोठावले नाही. थोड्या वेळाने कडी सरकली आणि ती बाहेर आली.

"अक्का, मागं आलतो म्या," कोंडाजी म्हणाला. "तू दारच उघडलं नाय. म्हनलं, अजून राग हाय."

"तू ढकलायचं व्हतं."

"बायांच्या खोलीचं दार म्या कसा ढकलू?"

"ते बी खरंच," मालन म्हणाली. मग तिने विचारले, "माझ्या खोलीला आतून कडी हाय का?"

कोंडाजी गोंधळला. "घरात कशाला कडी लागती अक्का? आपलीच मानसं."

"हाय का नाय, तेवढं सांग."

"नाय. पर जाताना विंचूरला लोहाराकडून घेऊ. आजच बसवतो."

त्या न पाहिलेल्या खोलीचा मला इतका मत्सर वाटला की पिवळ्या इमारतीला मी विसरून गेले.

श्यामलाबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. "मग, मालनबाई? घरी जायचं का?"

मालनने चतुराबाईकडे पाहिले. चतुराबाई किल्ल्या मुठीत आवळून झाडाकडे बघत राहिली. "माझ्याकडं काय बघती?" ती म्हणाली. "मला विचारलंय का?"

मालन मागे वळली. उंबरठ्यावरची धूळ तिने पदराने पुसली. माझे दार लोटले, बाहेरची कडी मात्र लोंबती ठेवली. मी मनातल्या मनात म्हणत होते, येते म्हण, एकदा तरी येते म्हण.

"चतुराबाई," ती म्हणाली, "मी जाते."