उजव्या बाजूचा हसनैन

हसनैनभाई गेल्याची बातमी आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर भर दुपारी आली आणि तिच्याखाली सगळ्यात आधी कोणीतरी अंगठा टाकला. त्या माणसाला मी तिथंच झापलं. मग कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून रडले. पंचेचाळिशीही न गाठलेला माणूस अकोल्यात स्वतःच्या कुलरच्या दुकानात बसल्या बसल्या जातो, हे डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 'विनंती थांबा' हा आमच्या वऱ्हाडातला तीन पोरांचा बँड. गायला अमरावतीचा नागसेन, कीबोर्डवर धर्मेंद्र आणि बेस गिटारवर अकोल्याच्या जुन्या शहरातला हसनैन. त्यांनी एकच अल्बम काढला, 'उन्हाचं वेळापत्रक', आणि बँड मोडला. चार-दोन कार्यक्रम झाले तेही भोंग्यावर. गाण्यांत प्रेम नाही, पाऊस नाही. भारनियमन, बंद पडलेला फ्रीज, डेपोतली दुपार, सगळं वऱ्हाडीत. चाली अशा, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं मशीन बिघडली. आज पुण्या-मुंबईची पोरं त्यांना गुरू मानतात आणि नक्कल करतात ती मुख्यतः शांततेची.

'दुपारी लाईट गेली' या गाण्यात नागसेन विचारतो, "कोणी हाय काय घरात?" आणि गाणं थांबतं. चांगलं लांबलचक थांबतं. उत्तर येत नाही. मग कुठूनतरी कीबोर्ड परत सुरू होतो. या शांततेवर मी परिसंवादात निबंध वाचलाय, टाळ्या घेतल्यात. आमच्या भेटींत ही जागा आली की सगळ्यांनी मान खाली घालून डोळे मिटायचे, अशी रीतच पडली आहे. कोणी खोकलं तर मी नुसती बघते. तो पुढच्या वेळी येत नाही.

आम्हाला लगेच अकोल्याला जायचं होतं. पण नगमाभाभींनी, म्हणजे हसनैनभाईंच्या बायकोनं, निरोप दिला की इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरात पाळायचे चार महिने दहा दिवस, संपू द्या. ती संपल्यावर त्यांनी स्वतः फोन केला.

"माधवीताई, एक काम हाय तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधीच त्याईनं गिटार देऊन टाकली होती. मी त्याईले वाजवतांना कधी आयकलंच नाही. तुमी इतके चाहते हा. या, आन् मले सांगा का ते काय वाजवत होते. बस, एवढंच पायजे मले."

मी म्हटलं, हा तर आमच्या डाव्या हाताचा मळ.

अमरावतीहून आम्ही तिघं निघालो. प्रीतमची जुनी गाडी, तो स्वतः चालवायला आणि मागं श्रावण. श्रावणचं चांदूर बाजारला मोबाईलचं दुकान आहे. अर्ध्या तालुक्याला मेमरी कार्डात ही गाणी त्यानंच भरून दिली, असं तो सांगतो आणि ते खरंही आहे. वाटेत त्यानं हारवाली तसबीर पुढं केली. मी म्हटलं, "शहाण्या, त्यांच्या घरी फोटोले हार घालत नाहीत. ठेव मांगं." तो मूर्तिजापूरपर्यंत बोलला नाही.

भाभींनी चहा दिला, बिस्किटं दिली आणि समोर बसल्या. "हं, सांगा."

श्रावणनं घसा खाकरून 'दुपारी लाईट गेली'ची सुरुवात गुणगुणली. मी म्हटलं, अरे, हा तर धर्मेंद्रचा कीबोर्ड. त्यानं दुसरं गुणगुणलं. तोही कीबोर्ड. प्रीतमनं एक सूर धरला, तो नागसेनच्या गाण्याचा निघाला. मग मी हुशारीनं डोळे मिटले आणि हसनैनभाईंची एखादी जागा आठवायला लागले. सगळी गाणी पाठ असलेली बाई मी. मला एकही जागा सापडली नाही.

"भाभी, त्यांचं वाजवणं अस्सं सहज दिसणारं नव्हतं," मी सावरून घेतलं. "बेस म्हणजे पायाच. तो खाली असतो."

"खाली म्हणजे कुठी?" त्यांनी सरळ विचारलं.

म्हणून श्रावणनं फोनवर गाणं लावलं. नागसेननं विचारलं, "कोणी हाय काय घरात?" आणि आम्ही तिघांनी सवयीनं माना खाली घातल्या. भाभी आमच्याकडं बघत राहिल्या.

"बंद पडलं काय?"

"नाही भाभी. ही शांतता आहे."

"आन् यात ते कुठी हायेत?"

त्या आत गेल्या आणि रुमालात गुंडाळलेली सीडी घेऊन आल्या. वरचं प्लास्टिकही न फाडलेली. कपाटात होती, म्हणाल्या, पण घरात वाजवायला काही नाही. अशी अस्सल सीडी आम्ही तिघांनी पहिल्यांदाच पाहिली. प्रीतमच्या गाडीत सीडी चालते. गाडी गल्लीतच उभी होती. प्रीतम स्टिअरिंगवर, भाभी त्याच्या शेजारी, मी आणि श्रावण मागं.

डाव्या दारातून ओळखीचं गाणं आलं. उजव्या दारातून, प्रीतमच्या गुडघ्यापाशी, कोणीतरी चालायला लागलं. मला दुसरा शब्द सुचत नाही. जाड, सावकाश, मधेच खोडकर होणारा सूर, कीबोर्डच्या प्रत्येक वाक्याला उलट बोलणारा. प्रीतमनं हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा नव्हता.

नागसेननं विचारलं, "कोणी हाय काय घरात?"

डावं दार गप्प झालं. उजव्या दारातून ती गिटार एकटीच पुढं आली, आरामात, पायरी पायरी उतरल्यासारखी. तिच्यावर एक भरदार आवाज म्हणाला, "हाव ना, हाय की. दार उघडंच हाय. ये आत."

भाभींनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. "हे तेच हायेत," त्या म्हणाल्या. "अस्सेच बोलत होते."

माझ्या शेजारी श्रावणचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला पहिली कॉपी मिळाली होती परतवाड्याच्या एका सायबर कॅफेतून. तिथल्या कॉम्प्युटरात सीडी घालायची सोय मोडलेली, म्हणून कॅफेवाल्यानं प्लेअरला वायर जोडून गाणी उतरवली होती. वायरीची एक बाजू मेलेली असणार. तीच कॉपी वऱ्हाडभर गेली, पुण्या-मुंबईला गेली. सगळ्या जगानं अर्धा बँड ऐकला, आणि जिथं अख्खा माणूस कापला गेला त्या जागेला आम्ही शांतता म्हणून नमस्कार केले.

"पण मंग ते कावून बोलले नाही कोणाले?" प्रीतम म्हणाला.

भाभींनी डोळे पुसले. "दुकानात पोट्टे येत. गाणं लई आवडलं, म्हणत. हे सगळ्याईले एकच विचारत, पुरं आयकलं काय? पोट्टे म्हणत, हजार वेळा. मंग हे त्याईले चहा पाजत. घरी येऊन म्हणत, त्याईले माहा हिस्सा आवडला नसंन, म्हणून बिचारे बोलत नाहीत."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पळायला जागा नव्हती. गाणं संपलं होतं.

"पुन्हा लावा," भाभी म्हणाल्या. "आन् तुमी सगळे उतरा. मले एकटीले आयकू द्या."

आम्ही उतरलो. त्यांनी काचा वर केल्या. गल्लीतून सायकली, माणसं जात होती, आणि आम्ही तिघं त्या गाडीभोवती चोरासारखे उभे होतो. बंद गाडीतून शब्द बाहेर येत नाहीत, कीबोर्ड येत नाही. येतो तो फक्त बेस. श्रावणनं हळूच दाराच्या पत्र्यावर तळहात टेकवला. मग मीही टेकवला.