रुद्रप्पाचा थुंकायचा डबा

त्या डब्याला झेंडूचा हार घातला, तेव्हाच मी नाकाला रुमाल लावला.

डबा गोड्या तेलाचा, वरून कापलेला, पत्र्याचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये तो कायम रुद्रप्पाच्या मागाशेजारी असायचा, कारण रुद्रप्पाच्या गालात कायम तंबाखू असायची आणि पांढऱ्या टॉवेलावर एक जरी शिंतोडा उडाला तरी मालक छतापर्यंत उडायचे. म्हणून हा डबा. उन्हाळ्यात त्याच्यावर बसलेली माशी चक्कर येऊन पडायची. एकीला मी स्वतः पाणी शिंपडून शुद्धीवर आणलंय.

आता तोच डबा रुद्रप्पाच्या फोटोसमोर मखमली कापडावर मांडला होता. तळाला शेवटच्या दिवसाची काळी खरवड तशीच. निदान घासायचा तरी होता, असं मी सयाजीला म्हणालो. हा सयाजी स्मृती समितीचा अध्यक्ष. रुद्रप्पा जिवंत असताना याला त्याचा माग कुठला हेसुद्धा माहीत नव्हतं.

"मामा, घासला तर त्यातला रुद्रप्पा जाईल की," सयाजी म्हणाला, आणि वर हात जोडले.

त्यातला रुद्रप्पा मी रोज बघितलाय, एवढंच बोललो आणि लांब जाऊन बसलो.

रुद्रप्पा मंगळवेढ्याकडचा धनगर. बाप मेंढरं राखायचा, हा शहरात येऊन माग चालवायला लागला. पण माळावरच्या ओव्या सोबत घेऊन आला. त्याचा गळा म्हणजे काय होता! एकदा त्यानं केमच्या जत्रेत ओवी उचलली, तर तिकडं जेऊरला उभी असलेली मालगाडी सिग्नल नसताना निघाली. स्टेशनमास्तरला विचाराल तर तो न्हाय म्हणेल. त्याला नोकरी सांभाळायची असते.

मी शेजारच्या मागावर. रुद्रप्पाची ओळ संपली की तिचं शेपूट धरून वर उचलायचं, त्याला झील धरणं म्हणतात, ते काम माझं, पलीकडच्या मागावरच्या माउलीचं आणि आणखी दोघातिघांचं. आमच्यात गाणारा गेला की वर्षानं त्याचे झीलवाले एकत्र बसतात. ज्याला ती गाणी पुढं न्यायची असतील, त्यानं त्यांच्यासमोर एक ओवी म्हणायची. झीलवाल्यांनी झील धरली तर गाणी त्याची. गप्प बसले तर त्यानं ती पुन्हा तोंडात घ्यायची न्हाईत. कुणी कुणाला कारण विचारत नाही.

रुद्रप्पाला जाऊन वर्ष झालं, आणि उभा राहिला सोमेश. आमच्या मालकांचा मुलगा. खांद्यापर्यंत केस, हातात विजेची गिटार, पुण्यातल्या हॉटेलांत ब्लूज-रॉक वाजवतो म्हणे. ब्लूज म्हणजे काय, ते त्यानं मला एकदा समजावलं होतं. अमेरिकेत दुसऱ्याच्या शेतात राबणारे लोक जे कण्हायचे, ते. मग त्याला वीज जोडली की रॉक. विजेचं बिल आल्यावर मीही तसाच कण्हतो, पण मला कुणी हॉटेलात बोलवत नाही.

त्याच्यासाठी रुद्रप्पा म्हणजे देव. रुद्रप्पाची बायको कस्तुराबाई, तिच्या पाया पडून त्यानं सांगितलं होतं, की आज झील मिळाली नाही तर ही गाणी सोडीन. आणि ही गाणी सोडली तर आज्जी, माझ्याकडं दुसरं वाजवण्यासारखं काही नाही. पोरगं खोटं बोलत नव्हतं. रात्रंदिवस तेच घोटून डोळे खोबणीत गेले होते.

सुट्टीचा दिवस, माग बंद, शेडमध्ये खुर्च्या मांडलेल्या. सोमेशनं सुरुवात केली आणि मला घाम फुटला. हुबेहूब रुद्रप्पा. तोच घोगरेपणा, तेच खाकरणं, दम घेताना नाकातून व्हायची ती शिट्टीसुद्धा.

"सावली पेरली, ऊन उगवलं गं..."

हे सगळं त्यानं एका जुन्या कॅसेटवरून उचललेलं. ती कॅसेट याच शेडमध्ये भरली होती, माग चालू असताना. सगळे माग एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि टेपरेकॉर्डर मंदावायचा. पुढं कुठं नीट विजेवर ती कॅसेट वाजवली की नेमक्या त्या जागी रुद्रप्पाचा आवाज पतंगासारखा वर जायचा. रुद्रप्पा बिचारा सरळ म्हणत होता. सोमेशनं ती चढण तार ओढओढून बसवली होती, आणि त्या जागेवर सयाजी मान डोलवून "अहाहा, काय साधना" म्हणत होता. विद्युत मंडळाची साधना ती.

इथवर मी सोसलं. पण कॅसेटमध्ये ओळीनंतर एक लांब थांबा आहे आणि मग टण्ण असा आवाज. सोमेशनं गिटार थांबवली. डोळे मिटले. डब्याकडं वाकला. आणि थुंकला.

टण्ण.

लोकांनी हात जोडले. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला. माझी दुपारची भाकरी शेंगाचटणीसकट गळ्यापाशी येऊन उभी राहिली. माउली माझ्या कानाशी म्हणाला, "आता तीर्थ वाटतील बग." मी तोंड दाबून धरलं. झीलसाठी नव्हे, भाकरीसाठी.

झील कुणीच धरली नाही. सोमेश आमच्याकडं बघत राहिला. कळपातून चुकलेलं कोकरू जसं प्रत्येक मेंढीच्या तोंडाकडं बघतं, तसं एकेका म्हाताऱ्याकडं. आम्ही भिंतीकडं बघत होतो.

तेव्हा कस्तुराबाई उठली. गुडघे धरत पुढं गेली, डब्यावरचा हार काढून फोटोला घातला आणि दोन बोटांनी डबा उचलून खिडकीबाहेर फेकला.

"दर सुट्टीला घरी आणायचे आन मी नाक दाबून धुवायची," ती म्हणाली. "लगीन केलं हुतं म्हणून धुवायची. तुला कोन जबरदस्ती करतंय?"

कॅसेटमध्ये असंच आहे, सोमेश पुटपुटला.

"कॅसेट कशाला पायजे तुला? ल्हानपनी तू हितंच असायचास की. टॉवेलाच्या ढिगावर मुतायचास."

लोक हसले. सोमेशचे कान लाल झाले. त्यानं तारेवरून नुसतं बोट फिरवलं. मग खालच्या मानेनंच बोलला.

"आज्जी, तेव्हा मला त्यांचा आवाज धड ऐकूच यायचा नाही. मागच ऐकू यायचे."

"मग?" एवढंच म्हणून कस्तुराबाई खुर्चीत बसली आणि पदरानं बोटं पुसत राहिली.

सोमेशनं बाजूच्या, आवाज वाढवायच्या काळ्या खोक्याचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. तळहातानं जाड तार दाबली आणि मारायला लागला. खटाक-खटाक, खटाक-खटाक. बंद शेडमध्ये माग चालू झाले. छपरातली पारवं उडाली. अक्कलकोटपर्यंतच्या म्हशींनी दूध वर ओढून धरलं असणार. ज्या आवाजानं माझा डावा कान गेला, उजवा अर्धा गेला, तोच किळसवाणा, तेलकट, सुताची धूळ नाकात कोंबणारा आवाज या पोरानं पैसे खर्चून, विजेला जोडून परत आणला होता. मला उठून जायचं होतं. त्या सगळ्या गोंगाटाच्या खाली कुठंतरी तो ओवी म्हणत होता. स्वतःच्या आवाजात. बारीक, थोडा बेसूर. मधूनच बुडायची, मधूनच डोकं वर काढायची.

ओळ संपली. आणि माझं तोंड उघडलं.

त्यात माझा काही हात नाही. उभी हयात हा खटखटाट चालू असताना गळा मोकळा सोडायची सवय लागलेली. कुत्र्याला यू म्हटलं की शेपूट हलते तसं. "ऊन उगवलं जी" असं काहीतरी बाहेर पडलं म्हणतात. माझ्या मागोमाग माउलीनं ओढलं, मग त्याच्या पलीकडच्यानं. कस्तुराबाईनं डोळे मिटले होते. झोप लागली असेल.

मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो, ती जांभई होती. पण रीत पडली रीत. बाहेर पडलेली झील परत गिळता येत नाही.

सयाजी डबा शोधायला शेडच्या मागं धावला. डबा एका भटक्या कुत्र्याला सापडला होता. कुत्र्यानं हुंगला आणि शिंकत शिंकत थेट हैदराबाद रोड गाठला. सयाजीनं मात्र डबा रुमालात गुंडाळून घरी नेला. बायकोनं दोघांनाही अंगणातच ठेवलंय.

सोमेश पाया पडायला आला. मी पाय मागं घेतले. ज्या तोंडानं थुंकलास ते लांब ठेव, म्हणालो. गाणं लई वाईट म्हणतोस, हेही सांगितलं.

"व्हय मामा," तो म्हणाला, आणि लाज नसल्यासारखा हसला.

आता पुण्यात तो ते तसंच वाजवतो. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग त्यानं माझ्या मोबाईलवर पाठवलंय. त्यात तो भयंकर गोंगाट आणि शेवटी माझी जांभई स्पष्ट ऐकू येते. ऐकलं की शिसारी येते. रोज संध्याकाळी सुनेला लावायला सांगतो. शिसारी तेवढीच येते की कमी झाली, ते बघायला नको?